लोखंडाचं पाणी

जुनं हत्यार कसं पारखावं हे मला आमच्या गावच्या सुतारतात्यांनी शिकवलं. दहावीनंतर माझी शाळा सुटली आणि पेरणीच्या आधी तिफण खांद्यावर घेऊन त्यांच्या मेटावर बसायची पाळी आली. तिफण होईपर्यंत काम काय? तात्या हातात एखादी पटाशी देऊन म्हणायचे, "सांग बरं, हिच्यात जीव हाय का?"

गंजाला भिऊ नये, हा पहिला धडा. वरवरचा तांबडा गंज रॉकेल लावून घासला की जातो. पण गंजानं खड्डे पाडले असतील, तेही धारेजवळच्या सपाट अंगाला, तर ती धार कायम दातेरी राहते. करवत वाकवून सोडावी. सरळ झाली तर घ्यावी. मुरड राहिली तर कितीही दात लावा, ती रेघेवर जायची नाही. पटाशीची मूठ ठेचून फुलली असली तरी बिघडत नाही, बाभळीची नवी बसवता येते. पातं धारेजवळ निळं पडलेलं दिसलं तर मात्र सावध व्हावं. कुणीतरी ते मशीनवर दाबून घासलंय, लोखंडाचं पाणी गेलंय.

जुन्या रंध्याच्या पात्याचं आणखी एक गुपित होतं. पातं मऊ लोखंडाचं आणि त्याला धारेच्या बाजूनं पोलादाचा पातळ थर जोडलेला. धारेचा उतार उजेडात धरला की दोन रंग दिसतात. तो थर किती उरलाय, तेवढंच पात्याचं आयुष्य. इंग्लंडातल्या शेफील्डचा शिक्का असला तर चांगलंच. पण "शिक्क्यानं लाकूड तासत न्हाई," असं तात्या म्हणायचे.

तात्या गेले. पोरगा आधीच पुण्याला कारखान्यात लागला होता. गावात ट्रॅक्टर आले होते, तिफणी माळ्यावर गेल्या होत्या. एक दिवस बघतो तर त्यांच्या दारात भंगारवाला. काकूंनी हत्यारांचं पोतं ओतलेलं आणि तो गडी सांगत होता, रंध्याचं लाकूड फोडून काढा, मी लोखंडाचंच वजन करीन.

मी पुढं झालो. रंधा उचलला, पातं उजेडात धरलं. पोलाद निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. दोन पटाश्याही तशाच. मला सगळं कळलं आणि मी गप्प बसलो. भंगारवाल्यापेक्षा वीस रुपये जास्त देऊन ती तीन हत्यारं घेतली. काकू म्हणाल्या, "तू घरचा म्हणून जादा दिलंस, बाबा."

पुढं तालुक्याच्या एका सुतारानं तो रंधा हाताळला आणि एकट्या त्याचेच सातशे रुपये देऊ केले. मी विकला नाही. पण त्या दिवसापासून तो रंधा हातात नीट बसेना.

मनाची समजूत घालायला कारणं होती. पारख मी फुकट मिळवली नव्हती, वर्षं घातली होती. मी घेतलं नसतं तर रंधा फुटलाच असता. बाजारात कोण कुणाला भाव सांगतो? बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तो लबाडीचा थोडाच असतो?

पण बैलबाजारात मीही दात बघतो आणि समोरचाही बघतो. बैल दोघांनाही कळतो. काकूंना हत्यार कळत नव्हतं, आणि मला जे कळत होतं ते त्यांच्याच घरात शिकलेलं होतं. आणि कांदा विकायला गेलो की व्यापाऱ्याला उद्याचा भाव ठाऊक असतो, मला नसतो. तेव्हा मी त्याला लुटारू म्हणतो. मग काकूंच्या दारात मी कोण होतो?

ज्ञानाची मजुरी घ्यावी, यात वाईट काही नाही. तात्याही घ्यायचे. पण नांगर पाच वर्षं टिकायचा नसेल तर ते तोंडावर सांगायचे, आणि मग मजुरी सांगायचे. मी आधीचं गाळलं आणि नुसती मजुरी घेतली, तीही न सांगता.

तीन वर्षांनी मी हजार रुपये घेऊन काकूंकडं गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, नको म्हणतील, डोळ्याला पदर लावतील. काकूंनी नोटा घेतल्या, मोजल्या, कनवटीला लावल्या आणि विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललास?"

मला उत्तर देता आलं नाही. काकूंनी चहा टाकला. मी तो पिऊन आलो.

रंधा अजून माझ्याकडं आहे. पावसाळ्याआधी त्याच्या पात्याला तेल लावतो. लावताना उजेडात धरतो, दोन रंग दिसतात, आणि काकूंचा प्रश्न आठवतो. पैसे फिटले, ते तीन वर्षांचं गप्प बसणं कसं फेडायचं, ते काही तात्यांनी शिकवलं नव्हतं.