अंशाला पूर्ण मानणारे ज्ञान

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक ज्ञानाचे विवेचन पुष्कळ ऐकावयास मिळते. तामस ज्ञानाचे वर्णन मात्र, ते दुसऱ्या कोणासाठी असावे अशा समजुतीने, श्रोते भराभर ओलांडून जातात. त्या वर्णनातील ‘कृत्स्नवत्’ हा एकच शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. कृत्स्न म्हणजे संपूर्ण. ‘वत्’ प्रत्ययाने त्याचा अर्थ झाला ‘जणू संपूर्णच’. हाती लागलेल्या एका तुकड्याला घट्ट धरून तोच जणू सर्व काही आहे असे मानणारे, युक्तीचा आधार नसलेले आणि तत्त्वापर्यंत न पोहोचणारे ज्ञान ते तामस होय. भगवंतांनी याला अज्ञान म्हटले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याच्या ठायी ते असते त्याला आपण जाणतो असेच वाटत असते, आणि म्हणूनच तो पुढे शोध करीत नाही.

देह एवढाच आत्मा असे मानणाऱ्याचे उदाहरण भाष्यकार येथे देतात. परंतु हेच ज्ञान न्यायासनावर येऊन बसले म्हणजे काय घडते, हे इंग्लंडातील एका खटल्यात दिसून आले.

१९४९ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात, १०, रिलिंग्टन प्लेस या घरात टिमोथी इव्हान्स नावाचा पंचवीस वर्षांचा मोटारचालक पत्नी व वर्षभराच्या मुलीसह राहत असे. बालपणीच्या दुखण्यामुळे त्याची शाळा बुडाली होती आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नसे. ३० नोव्हेंबर रोजी वेल्समधील आपल्या मूळ गावी तो स्वतःच पोलिसांकडे गेला आणि पत्नी मरण पावल्याचे त्याने सांगितले. एकदा एक हकीकत सांगितली, मग दुसरी. दुसरीत त्याने खालच्या मजल्यावरील ख्रिस्ती नामक शेजाऱ्याचे नाव घेतले. पुढे घरामागील धुण्याच्या खोलीत माय-लेकींचे देह सापडले. दोघींचाही गळा आवळलेला होता. लंडनला आणल्यावर इव्हान्सने दोन्ही हत्यांची कबुली दिली. तो तुकडा हाती आला, आणि तोच कृत्स्न ठरला.

न्यायालयात त्याने कबुली मागे घेतली. परंतु त्याच्या विरुद्ध मुख्य साक्षीदार म्हणून उभा होता तो ख्रिस्तीच! पूर्वी चोरी व मारहाणीबद्दल शिक्षा भोगलेला, तरी युद्धकाळात पोलिसांत काम केलेला आणि मृदू आवाजात बोलणारा. गोंधळलेल्या, खोटे बोलून चुकलेल्या तरुणापेक्षा त्याची साक्ष खरी वाटली. ज्यूरीला निर्णयास सुमारे चाळीस मिनिटे लागली. मुलीच्या हत्येबद्दल ९ मार्च १९५० रोजी इव्हान्सला फाशी देण्यात आले. सरकारी वकील ख्रिसमस हम्फ्रीज हे लंडनमधील बौद्ध मंडळाचे संस्थापक व कर्मसिद्धान्ताचे अभ्यासक होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शास्त्राध्ययनाने या दोषापासून आपोआप रक्षण होत नाही, एवढेच.

त्या घरामागे लहानशी बाग होती. तिच्या कुंपणाला टेकू म्हणून मनुष्याच्या मांडीचे हाड लावलेले होते. १९४९ मध्ये पोलीस त्या बागेत गेले होते. ते हाड कोणालाही दिसले नाही. जे शोधावयाचे ते आधीच सापडले आहे असे वाटणाऱ्याच्या डोळ्यांना समोरची वस्तूही दिसत नाही. मार्च १९५३ मध्ये ख्रिस्ती ते बिऱ्हाड सोडून गेल्यावर स्वयंपाकघरातील भिंतीआड, जमिनीखाली व बागेत मिळून सहा स्त्रियांचे अवशेष निघाले. इव्हान्सच्या पत्नीलाही आपणच मारल्याचे ख्रिस्तीने कबूल केले. त्याला त्याच वर्षी १५ जुलै रोजी फाशी झाली. तरीही त्या वर्षीच्या सरकारी चौकशीने पहिला निर्णय बरोबरच होता असे सांगितले! एकाच घरात, एकाच काळी, एकाच रीतीने गळा आवळणारे दोन निरनिराळे पुरुष राहत होते, असे मानणे तिला सोपे वाटले.

हे सर्व दूर देशीचे, असे गृहस्थाने समजू नये. घरातून सोन्याची बांगडी नाहीशी होते. मोलकरीण त्या दिवशी लवकर गेलेली असते, गेल्या महिन्यात तिने उचल मागितलेली असते. झाले, निकाल लागला. ती रडली तर ढोंगी, गप्प राहिली तर निर्ढावलेली. दिवाळीच्या आवराआवरीत बांगडी शालूच्या घडीत सापडते, तोवर ती बाई चार घरची कामे गमावून बसलेली असते, आणि तिच्या दारी जाऊन सांगण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

येथे काही श्रद्धाळू म्हणतात, ‘त्याचे प्रारब्धच तसे; आपण निमित्तमात्र.’ हे बोलणे ऐकावयास गोड असले तरी त्याज्य आहे. आपले दुःख धीराने सोसताना भोगणाऱ्याने प्रारब्ध म्हणावे. दुःख देणाऱ्याने तो शब्द उच्चारू नये. कर्माची गती गहन आहे, असे चौथ्या अध्यायात स्वतः भगवंत सांगतात. ज्याला बागेतील हाड दिसले नाही, त्याला दुसऱ्याचे पूर्वजन्म कोठून दिसणार? आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर अन्यायी निर्णयाचे पाप चौघांत वाटले आहे: कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा. त्यात मारल्या गेलेल्याच्या प्रारब्धाला वाटा दिलेला नाही.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ते मौन धरून तप करीत असता चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला. रक्षकांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. चोर व माल आश्रमातच सापडले, तेव्हा राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष धर्मराजाला जाब विचारला. बाळपणी किड्यांना काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. मांडव्यांनी ते मान्य केले नाही. अल्प अपराधाला एवढा दंड देणाऱ्या धर्मराजालाच त्यांनी मनुष्यजन्माचा शाप दिला, आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याला पाप लागू नये अशी मर्यादा घातली. तोच धर्मराज विदुर म्हणून जन्मास आला.

इव्हान्सला ऑक्टोबर १९६६ मध्ये राणीकडून मरणोत्तर क्षमा मिळाली. क्षमा कोणी कोणाची मागावयाची, हा प्रश्न निराळा. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी १९६५ पासून स्थगित झाली व १९६९ मध्ये तो निर्णय कायम झाला. त्यामागे या खटल्याची टोचणी मोठी होती. २००४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याने पत्नीला किंवा मुलीला मारले नव्हते हे मान्य केले. परंतु दोषसिद्धी रद्द करण्यासाठी प्रकरण पुन्हा चालविणे खर्चाच्या मानाने योग्य नाही, असेही म्हटले. मांडव्यांच्या राजानेही सत्य कळताच पाय धरले होते. सूळ ओढून निघेना, तेव्हा तो बाहेरून कापला. आतील टोक शरीरात तसेच राहिले, आणि ते घेऊनच ऋषी पुढे हिंडत राहिले. म्हणून लोक त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले.