शिष्यत्वाला शेवट नाहीं

आपणांस सत्य सांपडलें आहे अशी ज्याची श्रद्धा, त्यानें पुन्हा शिकावयाचें तें काय? ख्रिस्ती धर्माच्या बाबतींत हा प्रश्न विशेष तीव्रतेनें उभा राहतो. कारण त्या धर्मांत सत्य हें मनुष्यानें शोधून काढलेलें नसून ईश्वरानें प्रकट केलेलें आहे, असें मानितात. मिळालेलें दान हातीं घ्यावें व निश्चिंत असावें, असें कोणासही वाटेल. परंतु शुभवर्तमानांत येशूच्या अनुयायांसाठीं जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ ‘शिकणारा’ असा आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीं त्यासाठीं ‘शिष्य’ हाच शब्द योजिला आहे. शिष्यत्व ही या धर्माची केवळ पहिली पायरी नव्हे.

मात्र शिकणें हें नेहमींच सुखाचें नसतें. चौथ्या शतकांतील जेरोम हा लॅटिन भाषेचा मोठा पंडित. सीरियाच्या वाळवंटांत राहत असतां त्यानें एका ख्रिस्ती झालेल्या यहुद्यापाशीं हिब्रूचीं मुळाक्षरें गिरविण्यास आरंभ केला. कंटाळून तो नाद सोडला, आणि पुन्हा धरला. पुढें बेथलेहेम येथें राहून त्यानें जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्यें आणिला. तेव्हां सन ४०३ मध्यें ऑगस्टीननें त्याला एक तक्रार लिहून कळविली. आफ्रिकेंतील ओएया येथें, म्हणजे हल्लींच्या ट्रिपोलींत, योनाची कथा नव्या भाषांतरांतून वाचतांच उपासकांत मोठा गोंधळ माजला होता. योनाला सावली देणारा तो भोपळ्याचा वेल, असें पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलें. जेरोमनें तेथें दुसऱ्याच वेलीचें नांव घातलें होतें!

या लोकांस हंसणें सोपें आहे; पण तें न्यायाचें होणार नाहीं. कानांत मुरलेला शब्द हा भक्तीचाच भाग होऊन बसतो, आणि पंडितांच्या नव्या ज्ञानाची किंमत पुष्कळदां भोळ्या भाविकांस द्यावी लागते. तथापि श्रद्धेचा विषय निराळा, आणि त्याविषयींचें आपलें आकलन निराळें. वेलीचें नांव बदललें म्हणून त्या कथेंतील ईश्वराची करुणा रतिभरही उणी होत नाहीं. उलट, आपल्या आकलनासच जो ईश्वराचा शब्द समजतो, तो नकळत स्वतःसच देवाच्या आसनावर बसवितो. म्हणून शिकत राहणें हें श्रद्धेच्या उणीवेचें लक्षण नसून तिच्या नम्रतेचें लक्षण होय.

ज्या ऑगस्टीननें ती तक्रार कळविली, त्यानेंच सत्तरी उलटल्यावर, सन ४२६–२७ च्या सुमारास, आपले ९३ ग्रंथ पुन्हा तपासले, आणि जेथें चुकलें असें वाटलें तेथें तसें लिहून ठेविलें. कीर्तीच्या शिखरावर असतां हें करावयास निराळेंच धैर्य लागतें.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचें उदाहरण आहे. सन १८७८ मध्यें कलकत्त्यास ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरव झाला, त्यांनीं सन १८८३ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर हिब्रू व ग्रीक भाषांचें अध्ययन केलें, आणि केडगांव येथें राहून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. सन १९२२ मध्यें निधन होईपर्यंत हेंच त्यांचें मोठें कार्य होतें. विद्येचें हें तप कोणत्या नव्या पदवीसाठीं नव्हतें. अल्पशिक्षित बायाबापड्यांनाही तें पुस्तक वाचतां यावें, यासाठीं होतें. आमरण विद्यार्थिदशेची खरी कसोटी हीच: जें आपण कष्टानें शिकलों, तें दुसऱ्यास सोपें झालें कीं नाहीं?