वाटेवरची राजधानी

हिवाळ्यात पाहुणे आले की त्यांना भेडाघाट दाखवायचा, हा जबलपूरच्या मराठी घरांतला जुना रिवाज. शहरातल्या कांचघर भागातही तो चालत आला आहे. पौषातली थंडी, बाजारात हिरव्या मटारचे ढीग, चहाचा तिसरा कप. ऊन अंगणात उतरेपर्यंत पोहे-जलेबी उरकायची, पाहुण्यांना स्वेटर घ्यायला लावायचे आणि निघायचे. शहर ओलांडून पश्चिमेला गेले की मदनमहालच्या टेकड्यांवरचे गोलाकार खडक दिसतात, मग शेते लागतात, आणि शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर तेवर नावाचे गाव येते. गाडी तिथे थांबत नाही. धुवांधार धबधबा गाठायचा असतो, संगमरवरी कड्यांमधून फिरणारी नाव मिळवायची असते, थंडी पडायच्या आत परतायचे असते.

तेवर म्हणजे त्रिपुरी. नवव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कलचुरी राजांची ही राजधानी होती, आणि कलचुरींच्याही कितीतरी आधी ती नगरी म्हणून नांदत होती. ब्राह्मी अक्षरांत ‘त्रिपुरी’ हे नाव कोरलेली इसवी सनापूर्वीची नाणी उपलब्ध आहेत. आज तिथे तट नाही, महाल नाही. झाडाखाली किंवा देवळाच्या ओट्यावर टेकवून ठेवलेल्या मूर्ती आहेत. काहींना शेंदूर लागला आहे, काहींचे हात गेले आहेत. रस्त्यालगत त्रिपुरसुंदरीचे देऊळ आहे, तिथे मात्र गर्दी असते.

मराठी माणसाने इथे थांबावे याला एक खास कारण आहे. दहाव्या शतकात युवराजदेव या कलचुरी राजाच्या दरबारात राजशेखर हा संस्कृत कवी होता. त्याचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक याच दरबारासाठी रंगले. राजशेखराचे घराणे महाराष्ट्राचे. त्याचा पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचे भूषण मानला जाई. जबलपूरचे मराठी लोक आपला इथला इतिहास सांगतात तेव्हा तो बहुधा १७८१ पासून सांगतात. त्या वर्षी सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले. म्हणजे आपण इथे फौज घेऊन आलो त्याच्या आठशे वर्षे आधी आपला म्हणावा असा एक माणूस इथे नाटक घेऊन आला होता. या दोन्हींत मला त्या कवीचे येणे अधिक मोलाचे वाटते. नाते एकाच बाजूचे होते असेही नाही. युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी राष्ट्रकूटांच्या घरात सून म्हणून गेली. तिच्या सासरच्यांच्याच वंशाने त्याआधी सुमारे दीडशे वर्षे वेरूळचे कैलास लेणे खोदवले होते.

मग त्या राजधानीचे सगळे वैभव गेले कुठे? काही काळाने खाल्ले, पण काही माणसांनी उचलून नेले. तेवरजवळच्या करणबेलचे घडीव दगड रेल्वेच्या कंत्राटदारांनी बांधकामासाठी वापरले, अशी नोंद पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने आपल्या अहवालात केली आहे. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे जबलपुरात आली, १८७० मध्ये मुंबईकडून आलेला मार्ग तिला इथेच जोडला गेला आणि शहर भरभराटीला आले. कितीतरी मराठी कुटुंबे त्या रेल्वेच्या नोकरीनेच इथे स्थिरावली. आपल्या घरांना ज्या रेल्वेने पोसले, तिच्याखाली त्रिपुरीचे दगड गेले. हे आठवले की मी अस्वस्थ होतो. दोष कोणाला द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. देणे आहे ते निदान ठाऊक असावे.

भेडाघाटला पोचल्यावरही घाई करू नये. पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात जावे आणि हिवाळ्यातल्या दुपारच्या कलत्या उन्हात त्या वर्तुळाकार ओवऱ्यांतून सावकाश फिरावे. नाव चौसष्टचे असले तरी मूर्ती एक्याऐंशी मानल्या जातात. बऱ्याच योगिनींचे चेहरे फोडलेले आहेत, स्तन छाटलेले आहेत. पण बैठकीखाली त्यांची नावे कोरलेली आहेत आणि ती अजून वाचता येतात. मध्ये गौरीशंकराचे देऊळ आहे, त्यात शिवपार्वती नंदीवर बसून निघाले आहेत. याच भेडाघाटला आल्हणदेवी या राणीचा ११५५ सालचा शिलालेख मिळाला. ती मेवाडच्या गुहिल राजाची मुलगी, गयाकर्ण राजाची पत्नी. नवरा गेल्यावर, मुलगा नरसिंह गादीवर असताना, तिने शिवाचे देऊळ बांधले. त्याला जोडून मठ उभारला, व्याख्यानशाळा काढली, बागा लावल्या आणि खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. देवळाच्या अंगाला लोकांनी बसून शिकावे, वाद करावा म्हणून एक जागा असावी, हे त्या राणीला सुचले. राजधानीचे मोठेपण मला हत्तीघोड्यांपेक्षा या शाळेत दिसते. तो शिलालेख आज भेडाघाटला नाही. फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत पंडिताकडून तो अमेरिकेतल्या ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला.

त्रिपुरीला पुन्हा बोलते करण्याचे काम मात्र दोन मराठी विद्वानांनी केले. सागर विद्यापीठाचे मो. गं. दीक्षित यांनी १९५२ मध्ये तेवरला उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणात जन्मलेल्या आणि नागपूरला आयुष्य घालवलेल्या वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे सारे लेख वाचून, तपासून ग्रंथरूपाने मांडले, तेही १९५५ मध्येच. आल्हणदेवीची व्याख्यानशाळा आपल्याला ठाऊक आहे ती अशा लोकांच्या चिकाटीमुळे. जबलपूरच्या मराठी घरांत या दोघांची नावे मुलांना सांगितली जावीत, असे मला मनापासून वाटते.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, नवे मध्य प्रदेश राज्य झाले. जबलपूरला राजधानीची आशा होती. राजधानी भोपाळला गेली आणि इथे उच्च न्यायालय आले. त्याच दिवशी नागपूरचेही राजधानीपण गेले. जबलपूरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती खंत अजून येते, आणि ती खोटी नाही. राजधानीबरोबर कचेऱ्या जातात, नोकऱ्या जातात, रस्ते आणि शिक्षणसंस्था जातात. पण जी राजधानी मिळाली नाही तिचे दुःख तीन पिढ्या सांभाळायचे आणि जी खरोखर होती तिच्या अंगणातून काच वर करून निघून जायचे, हे मला पटत नाही. १९३९ च्या मार्चमध्ये इथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले तेव्हा त्याला त्रिपुरी अधिवेशन म्हटले गेले. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, आजारी सुभाषचंद्र बोस अंगात ताप घेऊन मंडपात आले. त्या वेळच्या कार्यकर्त्यांना हे नाव आठवले आणि ते त्यांनी देशभर पोचवले. आज शहरातल्या किती शाळकरी मुलांना त्रिपुरी म्हणजे तेवर हे सांगता येईल?

म्हणून या हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन निघाल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा आणि तेवरला उतरा. उन्हाळ्यात तिथे दहा मिनिटे उभे राहवत नाही. हेच दिवस बरे. गावातल्या मूर्ती पाहताना त्या हलवू नका, त्यांवर पाणी ओतू नका. गावकऱ्यांशी बोला, कारण इतकी वर्षे त्या त्यांनीच सांभाळल्या आहेत. मुलांना राजशेखराचे नाव सांगा, आल्हणदेवीच्या शाळेविषयी सांगा. परतताना शहरातले राणी दुर्गावती संग्रहालय उघडे असेल तर तिथेही जा. त्रिपुरीतून आणलेल्या कितीतरी मूर्ती तिथे आहेत. यासाठी वेगळा फेरा पडत नाही. तेवर भेडाघाटच्या रस्त्यावरच आहे.