दगडाचा पत्ता

एखादी प्राचीन वास्तू मोडकळीस आली म्हणजे तिला वाचविण्याचे सामान्यतः दोन मार्ग संभवतात. एक तर टेकू देऊन, सांधे भरून ती आहे तशी उभी ठेवावयाची. अथवा ती एकेक दगड करून उतरवावयाची, पाया दुरुस्त करावयाचा आणि प्रत्येक दगड पुन्हा त्याच्या मूळ जागी बसवावयाचा. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास प्रत्येक दगडाची ओळख राखणे अपरिहार्य असते. आजवर हे काम रंगाने घातलेल्या आकड्यावर भागत असे. आता त्यासाठी इलेक्ट्रॉनिक साधने उपलब्ध झाली आहेत. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दगडाच्या न दिसणाऱ्या अंगास बसविता येते. तिला बॅटरी लागत नाही. वाचणारे यंत्र जवळ नेले की त्याच्या रेडिओलहरींच्या शक्तीवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. उन्हापावसाने रंग उडेल, शेवाळ्याने आकडा झाकला जाईल. चिपला ही बाधा नाही. हे साधन उपयुक्त आहे याविषयी मला शंका नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. दगडाची ओळख राखली म्हणजे वास्तूविषयीचे आपले कर्तव्य कितपत पार पडले?

ओळख हरवली म्हणजे काय होते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी 1925 साली स्पेनमधील सेगोव्हिया प्रांतातील बाराव्या शतकातील एका मठाच्या इमारती विकत घेतल्या. दगड वाळलेल्या गवतात गुंडाळून सुमारे 11,000 पेट्यांत भरण्यात आले आणि पेट्यांवर क्रमांक घालण्यात आले. परंतु सेगोव्हियाकडे जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ असल्यामुळे अमेरिकेत पोचताच अधिकाऱ्यांनी पेट्या फोडून गवत जाळून टाकले, आणि दगड हाताला येतील तसे हाताला येईल त्या पेटीत परत भरले गेले. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते न्यूयॉर्कच्या गोदामात पडून होते. 1950 नंतर मायामीजवळ त्यांची जुळणी झाली, तिला दीड वर्षाहून अधिक काळ लागला, आणि तरीही काही दगड उरलेच. आवक-जावक रजिस्टरावर ज्याची उमेदीची वर्षे गेली आहेत अशा माझ्यासारख्या कारकुनाला यातील मर्म सांगावयास नको. क्रमांक पाकिटावर घालावयाचा नसतो, आतल्या पत्रावर घालावयाचा असतो.

चिपने हा दोष नाहीसा होतो, कारण क्रमांक दगडाच्या अंगातच जातो. पण म्हणून सर्व संकट टळले असे मानणे घाईचे ठरेल. कंबोडियातील अंगकोर येथे बाफुओन हे अकराव्या शतकातील शिवमंदिर आहे. आत वाळू-मातीचा भराव असल्यामुळे ते ढासळू लागले होते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी 1960 च्या सुमारास ते उतरवावयास प्रारंभ केला, आणि सुमारे तीन लक्ष दगड भोवतालच्या रानात ओळीने मांडून ठेवले. पुढे यादवी युद्ध पेटले, काम थांबले, आणि 1975 साली ख्मेर रूज सत्तेवर आल्यानंतर नोम पेन येथील सर्व नोंदी नष्ट झाल्या. दगड जागच्या जागी होते. त्यांचा अर्थ मात्र नाहीसा झाला होता. 1995 पासून पास्काल रुआयेर यांच्या नेतृत्वाखाली काम पुन्हा सुरू झाले आणि 2011 साली ते पूर्ण झाले. हे साधले ते जुन्या छायाचित्रांमुळे, पूर्वी तेथे काम केलेल्या माणसांच्या स्मरणामुळे, आणि मुख्यतः दगडांमुळेच. या मंदिरात चुना वापरलेला नाही. प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्याच्या मापाने घडविलेला आहे. त्याच्या अंगावरील नक्षीची कड हीच त्याची साक्ष ठरली.

आता या दगडांत चिपा असत्या तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा. चिप सामान्यतः क्रमांकापलीकडे फारसे काही सांगत नाही. त्या क्रमांकाचा दगड कोणत्या थरात, कोणत्या बाजूस बसावयाचा हे दुसरीकडे, कोठल्याशा संगणकातील नोंदवहीत असते. ती नोंदवही जळाली, तर तीन लक्ष दगड आपापले क्रमांक अचूक सांगतील आणि त्यांचा अर्थ कोणासही लागणार नाही. शिवाय नोंदवही सुखरूप राहिली तरी पन्नास वर्षांनी ती चिप वाचणारे यंत्र मिळेल याची हमी कोण देणार? दगडावर छिन्नीने कोरलेला आकडा ज्याला डोळे आहेत त्या कोणालाही वाचता येतो. म्हणून चिप बसवावी, पण कोरीव आकडा गाळू नये, आणि नोंदवहीच्या प्रती निरनिराळ्या गावी ठेवाव्यात, असे मला वाटते.

याहून सूक्ष्म असा एक धोका मला जाणवतो, आणि तो यंत्रातील नसून आपल्या मनातील आहे. सर्व काही पुन्हा जुळविता येईल अशी खात्री वाटू लागली की मोडण्याचा निर्णय हलका होतो. जो हात एरव्ही शंभरदा विचार करील, तो नोंद पक्की आहे म्हणून पहार उचलतो. आम्हा हैदराबादकरांस हनमकोंड्याचे हजार खांबांचे मंदिर परिचयाचे आहे. काकतीय राजा रुद्रदेवाने 1163 साली बांधलेल्या या मंदिराचा कल्याणमंडप खचला म्हणून 2006 च्या सुमारास उतरविण्यात आला. तो पुन्हा उभा राहून लोकांस खुला झाला 2024 च्या मार्चमध्ये. कारणे काहीही असोत, आणि मंडप अखेर उभा राहिला याचा आनंद आहेच; पण मंडप उतरला त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर मतदार झाले. दगड कोठे पडला आहे हे चिप सांगू शकते. तो उचलण्याची इच्छा, पैसा आणि कुशल पाथरवट ती पुरवू शकत नाही.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. जीर्णोद्धारात काही दगड नवे घालावेच लागतात. 1964 च्या व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे की नवा भाग एकंदर वास्तूशी सुसंगत असावा, पण तो मुळाहून वेगळा ओळखता आला पाहिजे. जर्मनीतील ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श हे चर्च फेब्रुवारी 1945 मधील बॉम्बवर्षावानंतर कोसळले. जवळजवळ पन्नास वर्षे त्याचा ढिगारा तसाच होता. 1993 पासून तो उपसताना, कोणता दगड ढिगाऱ्यात कोठे पडला होता हे मोजून नोंदविले गेले, कारण पडल्या जागेवरून त्याच्या मूळ जागेचा अदमास लागे. 2005 साली चर्च पुन्हा पवित्र करण्यात आले तेव्हा त्याच्या बाह्य भिंतींत साडेतीन हजारांहून अधिक जुने दगड होते. ते काळे, नवे पिवळसर. रस्त्यावरून जाणारे शाळकरी पोरही एका दृष्टिक्षेपात सांगू शकत असे की, हे वाचले आणि हे गेले. चिपच्या साहाय्याने हा भेद दगडाच्या पोटात ठेवता येईल, आणि मग बाहेरून सर्व दगड एकसारखे दिसले तरी चालेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. मला तो मान्य नाही. जे सत्य केवळ अधिकाऱ्याच्या हातातील यंत्रालाच ऐकू येते, ते नागरिकाला सांगितले असे म्हणता येणार नाही. फायलीतील टिपणी पाहावयास मिळावी म्हणून आपल्या देशात 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा करावा लागला. भिंतीवरची टिपणी तरी उघड्यावर असू द्यावी.

आणि दगडाचा मूळ पत्ता एकच असतो हे तरी कशावरून? बाफुओनच्या पश्चिमेच्या अंगास सुमारे सत्तर मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. शिवमंदिर उभारल्यानंतर कित्येक शतकांनी, सोळाव्या शतकाच्या सुमारास, त्याच मंदिराचे दगड काढून तो रचण्यात आला. जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की, हे दगड शिवाला परत करावे की बुद्धाकडेच राहू द्यावे? त्यांनी बुद्ध राखला, आणि मला वाटते ते योग्यच केले, कारण त्या दगडांवर पुढच्या शतकांच्या श्रद्धेचाही तितकाच हक्क होता. उद्या कोणी त्या दगडांत चिपा बसवावयाचे ठरविले, तर नोंदवहीतील ‘मूळ स्थान’ या रकान्यात काय लिहावयाचे ते मला सांगता येणार नाही. दोन ओळी मावतील इतका तो रकाना रुंद ठेवावा, एवढे मात्र कारकून या नात्याने सुचवीन.