पाचव्या वर्षाचा रकाना

गांधी जयंतीची ग्रामसभा म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्याची सभा. नगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात ती शाळेच्या पटांगणात भरली होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कामांची यादी वाचली. एक लाख लिटरची नवी पाण्याची टाकी, तिच्यासाठी उद्भव विहिरीशेजारी बोअर, वेशीवर प्रवेशद्वार, चौकात हायमास्ट दिवा, देवळासमोर पेव्हर ब्लॉक. यादी लांबलचक होती आणि टाळ्याही तशाच पडल्या. सरपंचताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या होत्या. त्यांनी ठरावासाठी हात वर करायला सांगितलं.

हात वर जायच्या आत मागून तात्या उठले. तात्या म्हणजे गावाला पाणी सोडणारे. वीस-बावीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून बोटं राठ झालेली. बगलेत एक जाड वही होती.

"ताई, ठराव करा, माझी ना न्हाई. पर त्याच्या आधी समद्यांनी माझ्यासंगं एक चक्कर मारावी. मागच्या यादीतली कामं पाहून येऊ, मग नव्या यादीचं बोलू."

पोरं हसली. एकजण म्हणाला, "तात्या, ती कामं कधीच पूर्ण झालीत, दाखला आहे." तात्या म्हणाले, "दाखला भाऊसाहेबांकडं हाये. कामं कुठं हायेत ते बघू."

शिवारफेरी हा शब्द आपल्याकडे आराखड्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जातो. २०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, 'आमचा गाव, आमचा विकास' उपक्रम सुरू झाला, तेव्हापासून गावोगावी फेऱ्या निघाल्या. पण बहुतेक ठिकाणी नवं काय बांधायचं हे ठरवायला. जुनं काय उरलं हे पाहायला फार थोडी गावं बाहेर पडतात, आणि मला वाटतं आराखड्याची खरी परीक्षा तिथेच आहे.

सरपंचताई उठल्या तेव्हा बाकीच्यांना उठावंच लागलं.

पहिला मुक्काम सौर दिव्यांचा. खांब उभे होते, दिवे लागत नव्हते. तात्यांनी वही उघडली. दिवे बसले तेव्हा बॅटरी बदलायचे पैसे कुठून येणार हे कुणी लिहिलं नव्हतं. बॅटऱ्या थकल्या तशी एकेक आळी अंधारात गेली. पुढे सार्वजनिक शौचालय होतं, त्याला कुलूप. बांधकाम चांगलं, फरशीही शाबूत, पण पाण्याची जोडणी अंदाजपत्रकातच नव्हती. व्यायामशाळेच्या लोखंडाला गंज चढला होता. मग आली जुनी टाकी. तिच्या अंगावर योजनेचं नाव आणि रक्कम अजून वाचता येत होती. तात्या म्हणाले, "टाकीला काय झालेलं न्हाई, भक्कम हाये. खाली विहिरीतच पाणी नसलं तर ती काय भरणार? होळी झाली की मोटर दहा मिनिटांत हवा वढती. दोनदा जळली. पाणीपट्टी निम्मं गाव भरत न्हाई, वीजबिल थकलंय."

त्यांच्या वहीत प्रत्येक महिन्याची विहिरीची पातळी होती. दोर सोडून, गाठी मोजून लिहिलेली. भाऊसाहेब आजवर जी वही म्हाताऱ्याचा छंद समजत होते, ती ते तिथेच मातीत बसून वाचू लागले.

चांगलंही पाहिलं. गावतळं शाबूत होतं, कारण दर उन्हाळ्यात शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने त्यातला गाळ रानात नेत. रानाला माती मिळे, तळ्याला खोली. महिला बचत गटाची पिठाची गिरणी चालू होती, कारण बाया रोजच्या दळणातून पट्ट्यासाठी आणि मोटरसाठी थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकत. हायमास्टसाठी सगळ्यात मोठ्याने बोललेला पोरगा त्या डब्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

सभा पुन्हा शाळेत बसली. गुरुजींनी फळा पुसला. मग जे झालं ते हिवरे बाजारला नवं नाही. तिथे पोपटराव पवारांनी गावाला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. पडलेला पाऊस मोजायचा, आधी माणसं आणि जनावरं, मग उरलेल्या पाण्यात बसतील तीच पिकं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिच्यात पाणी जमिनीप्रमाणे नव्हे तर माणशी वाटलं जाई, भूमिहीनालाही वाटा असे आणि उसाला मनाई होती. ही गावं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या सहली निघतात, फोटो लागतात. पण गणित आपल्या फळ्यावर मांडायची वेळ आली की हात जड होतो, कारण त्यात आपलं स्वतःचं रान येतं.

गुरुजींनी लिहिलं: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर, गेल्या वर्षीचा पाऊस ३०० मिलिमीटर, म्हणजे २४० कोटी लिटर. पोरं चकित झाली. इतकं पाणी? गुरुजी म्हणाले, "त्यातलं बरंचसं उन्हाने जातं, काही ओढ्याने जातं. आपल्या काळ्या कातळात मुरतं ते थोडं, आणि साठतं त्याच्या भेगांत. तरी पिण्याला किती लागतं बघा." जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर. दीड हजार वस्तीला वर्षाचे तीन कोटी लिटर.

मग तात्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, एका हेक्टर उसाला?"

पाटाने पाणी दिलं तर सुमारे दोन कोटी लिटर. उद्भव विहिरीच्या आसपासच्या पाच बोअरवर मिळून सहा हेक्टर ऊस उभा होता. म्हणजे बारा कोटी. फळ्यावरचा आकडा सगळ्यांनी वाचला, पण बोललं कुणी नाही. त्या पाचांतलं विहिरीला सगळ्यात जवळचं बोअर आबांचं होतं, आणि आबा सरपंचताईंचे सासरे होते. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. गावाला तो माहीत नव्हता असं नाही.

ताईंनी यादीचा कागद हातात घेतला आणि प्रत्येक कामापुढे तीन रेघा ओढल्या. पाचव्या वर्षी हे कोण सांभाळणार? त्याचा वर्षाचा खर्च कुठून येणार? आणि याला लागणारं पाणी कुणाच्या वाट्याचं? प्रवेशद्वारापुढे काहीच भरता आलं नाही, ते गळालं. हायमास्टपुढे त्या पोराने स्वतःच लिहिलं, "बिल कोण भरणार ते ठरेपर्यंत नको." टाकीपुढे तिसरा रकाना रिकामा राहिला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. तो टाकीवर घालणं सगळ्यात सोपं होतं. भाऊसाहेब कळकळीने म्हणाले, "ताई, पोर्टलवर आराखडा चढवायचा आहे. टाकी नाही घेतली तर पैसा पडून राहील." ताई म्हणाल्या, "पैसा पडून राहिला तर मी उत्तर देईन. टाकी कोरडी राहिली तर कोण देणार?"

त्या वर्षीच्या आराखड्यात टाकी नव्हती. विहिरीभोवती पुनर्भरणाचे चर, ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातला गाळ, गळक्या पाइपलाइनची दुरुस्ती, घरोघरी मीटर आणि वीजबिलाला पुरेल अशी पाणीपट्टी एवढंच होतं. ही कामं फोटोत उठून दिसत नाहीत. शेजारच्या गावाने त्याच वर्षी कमान उभी केली आणि आमदारांच्या हस्ते उद्घाटनही झालं.

अवघड काम घरी होतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर ताईंनी आबांना फळ्यावरचं गणित सांगितलं. आबा तापले. "सून सरपंच झाली ती घरचा ऊस मोडायला?" ताईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "आबा, यंदाचा ऊस कारखान्याला जाऊ द्या. फक्त खोडवा ठेवू नका. तुमचं बोअर चालू असताना मी दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?" आबा दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते तात्यांकडे गेले आणि वही मागून घेतली. ऊस तुटला, खोडवा राहिला नाही. त्या रानात ज्वारी आणि ठिबकवर थोडा कांदा आला. पैसा कमी आला, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आबांचं पाहून आणखी दोघांनी ऊस सोडला. उरलेल्या दोघांनी सोडला नाही. त्यांच्यावर कर्ज होतं आणि उसाइतकं खात्रीचं पीक त्यांना कुणी दाखवू शकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर खाली गेली, पण मोटरने हवा ओढली नाही. एप्रिल गेला, मे गेला, गावठाणात एक दिवसाआड पाणी आलं. गाव खुशीत होतं. ऑक्टोबरच्या सभेआधी भाऊसाहेब प्रगतीचा तक्ता घेऊन ताईंकडे आले. पाणीपुरवठ्याच्या कामापुढे त्यांनी 'पूर्ण' लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.

ताईंनी तात्यांना विचारलं, "तुमच्या वहीत काय आहे?"

तात्यांनी पान उघडलं. गावठाणाच्या ओळी भरलेल्या होत्या. खाली वरच्या माळावरच्या वस्तीची नोंद होती. मे महिन्यात तिथे टँकर आला होता. पाइप तिथपर्यंत गेला होता, पण दाब पोचत नव्हता, आणि सोडलेलं पाणी खालच्या आळीतच संपत होतं. वस्तीवरच्या बाया गेल्या सभेला आल्याच नव्हत्या. मजुरी बुडवून कोण येणार?

"मग हे पूर्ण कसं, भाऊसाहेब?" ताईंनी तक्ता परत दिला. "यंदाची सभा शाळेत नको. वस्तीवर घेऊ, संध्याकाळी, बाया कामावरून परतल्यावर. आणि सगळ्यांना सांगा, खालून चालतच यायचं."