बलामाच्या गाढवीचा प्रश्न

शास्त्रपाठ : गणना 22:21–33



परमेश्वरानें बलामाच्या गाढवीस वाचा दिली, तेव्हां तिनें काय विचारिलें हें आपण क्वचितच लक्षांत घेतों. वाटेंत दूत दिसला म्हणून ती शेतांत शिरली, पुढें भिंतीला घासली, शेवटीं खालीं बसली, आणि तीन वेळां तिनें मार खाल्ला. तरी तिनें दाणा मागितला नाहीं कीं शाप दिला नाहीं. आजवर ज्या पाठीवर तूं बसत आलास तीच ही पाठ नव्हे काय, मीं पूर्वीं कधीं असें केलें होतें काय, एवढाच तिच्या बोलण्याचा आशय होता. जन्मभराच्या चाकरीचा हिशेब तिनें धन्यापुढें मांडिला, आणि बलामास 'नाहीं' म्हणावें लागलें. राजाकडून द्रव्य मिळेल या लोभानें तो निघाला होता, हें पेत्रहि आपल्या दुसऱ्या पत्रांत सांगतो.

हा हिशेब आपल्या शंकरपटांत कोण मांडतो? शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट सर्वांस ठाऊक आहे, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतहि पट भरतात. सर्वोच्च न्यायालयानें 7 मे 2014 रोजीं अशा शर्यती बंद केल्या होत्या. 2017 सालीं आपल्या राज्यानें कायद्यांत दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजीं न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजीं पांच न्यायाधीशांनीं तो कायदा ग्राह्य धरिला. पराणी, जिला वऱ्हाडांत तुतारी म्हणतात, ती टोंचून किंवा चाबूक मारून बैल पळविण्यास आतां मुभा नाहीं. पीडा देणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. हें चांगलेंच झालें. परंतु ही सारी काळजी शर्यतीच्या दिवसाची आहे. जिंकलेल्या जोडीच्या गळ्यांत हार पडतो, मालकाचें नांव चार तालुक्यांत गाजतें. आणि त्याच बैलाचा खूर बिघडला कीं त्याचें पुढें काय झालें हें कोणी पुसत नाहीं. जनावराला उपाशी टाकून देणें हा 1960 च्या कायद्यानें गुन्हाच आहे, पण पहिल्या वेळेस त्याचा दंड पन्नास रुपयांपर्यंत! पट पाहावयास जाणारा याहून अधिक पैसे चहाफराळावर उडवितो.

मुंबईपुण्याच्या घोड्यांचीहि हीच गोष्ट आहे. महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान 1883 पासूनचें. तेथील घोडा दोन वर्षांचा असतांना धावूं लागतो व बहुधा सातआठ वर्षांचा होण्याच्या आंतच थांबतो. त्याचें आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचें असतें. उरलेल्या वर्षांचें काय? कांहीं घोडे स्वारी शिकविण्याच्या शाळेंत जातात, कांहीं लग्नाच्या वरातींत उभे राहतात. आणि कांहींची गोष्ट तर थेट आपल्या शेतापर्यंत येते.

कपाशी निंदतांना ज्यास साप चावतो, त्यास दवाखान्यांत जें औषध टोंचतात तें घोड्याच्या रक्तापासून होतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचें विष थोडें थोडें घोड्यास टोंचतात. त्याचें शरीर विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य तयार करितें. मग त्याचें रक्त काढून औषध करितात. मुंबईंतील परळच्या हाफकिन संस्थेस पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वशाळेंतील थकलेले घोडे या कामीं दिले जात, आणि त्यांतूनच 1966 सालीं पुण्याची सीरम संस्था निघाली. तेव्हां ज्या घोड्यावर शहरांत पैजा लागल्या, त्याच्याच रक्तानें आपल्याकडील एखादी माउली वांचली असेल. तथापि हें रक्त देणेंहि चाकरीच आहे. ती करणाऱ्या घोड्यास पोटभर चारा, सावली आणि विसावा मिळालाच पाहिजे. नाहींतर एका मैदानांतून काढून त्याला दुसऱ्या ओझ्याखालीं घातल्यासारखें होईल.

जबाबदारी कोणाची, असें विचाराल तर माझें मत स्पष्ट आहे. ज्यानें ज्या प्रमाणांत लाभ घेतला, त्या प्रमाणांत. बक्षीस घेणारा मालक, मैदान चालविणारी मंडळी, पैजेवर कर घेणारें सरकार आणि पैज लावणारा, हे सर्व त्यांत आले. ख्रिस्ती मनुष्यानें पैज लावूंच नये, हें निराळें सांगावयास नको. परंतु पैज न लावतां केवळ मौजेसाठीं कुंपणाला टेकून ओरडणारा त्यांतून सुटतो, असें मला वाटत नाहीं.

आमच्यांतील गरीब शेतकऱ्यावर मात्र मी हा बोल ठेवीत नाहीं. 2015 पासून आपल्या राज्यांत बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. नापिकीच्या वर्षीं स्वतःच्या लेंकरांस भाकर पुरत नसतां म्हाताऱ्या बैलाला वर्षभर पोसणें केवढें कठीण आहे, हें ज्याच्या दावणीला बैल आहे तोच जाणे. मळणाऱ्या बैलास मुसकें घालूं नये, असें ज्या नियमशास्त्रानें सांगितलें, त्यानेंच शेजाऱ्याचें ओझ्याखालीं पडलेलें जनावर उठविण्यास हात लावण्याचीहि आज्ञा दिली आहे. तो हात आपण मंडळीनें लावावा. तूर व हरभरा निघाल्यावर ज्यांच्याकडे कुटार शिल्लक राहतें त्यांनीं त्यांतील कांहीं प्रार्थनामंदिराच्या आवारांत आणून टाकावें, आणि ज्या घरीं कामांतून गेलेला बैल आहे त्या घरीं उपदेशकांनीं तें उन्हाळा लागण्यापूर्वीं पोंचतें करावें. घर ख्रिस्ती आहे कीं नाहीं, हें त्या वेळीं पाहूं नये.