सांगून आलेला ताप

आटगावला कसारा लोकल थांबते तेव्हा माणसांबरोबर बातम्याही उतरतात. काही खिशातल्या मोबाईलमधून, काही वीटभट्टीवरून परतणाऱ्यांच्या तोंडून. पाड्यावर पोचेपर्यंत खरं-खोटं निवडायला सवड कुणाला? आईला मात्र आजच ठरवायचं असतं, उद्या बाळाला टोचायला न्यायचं की नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत सगळ्यांना लस द्यायची होती. लशीच्या मागोमाग मोबाईलवर अफवाही फिरल्या. पुढे २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला आणि आपल्याच जिल्ह्यात भिवंडीला गोवर उसळला. तो अडवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना तरी लशीचे दोन्ही डोस मिळावे लागतात.

हे सगळं समजावूनही एखादी आई म्हणते, "मागल्या खेपेला टोचलं नि रातभर पोर तापलं. आता नको." तिला अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. पण तिला ही माहिती कुणी दिली? रात्रभर मांडीवर घेतलेल्या तापलेल्या अंगानं. तिच्या लेखी याहून खात्रीचा साक्षीदार नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात त्या पेंटाव्हॅलंट लशीनं ताप येऊ शकतो आणि तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, हे आधी कळलं असतं तर तोच ताप सांगून आलेल्या पाहुण्यासारखा वाटला असता.

टोचून झाल्यावर नर्सबाईंनी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकेल, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा. रांग लांबली की यातली दुसरी गोष्ट घाईत राहून जाते. तेवढ्याच रिकाम्या जागेत अफवा पथारी पसरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई दारात येते, बाळाच्या कपाळाला हात लावते आणि विचारते, "रातीला झोपलं का गं?" पुढच्या तारखेला त्या घरात कुणाचं ऐकायचं, ते बहुधा तिथेच ठरतं. मोबाईलवरचा निरोप शंभर जणांना भीती घालतो. बाळाची चौकशी करायला मात्र तो परत येत नाही.